अर्धे गाऱ्हाणे

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

आजपासून मी, धाकू सखाराम परब, वय वर्षे चौऱ्याहत्तर, पुन्हा नोकरदार झालो. त्यानिमित्त ही नवी वही काढली आहे.

मालाडला खाडीच्या बाजूस काचेची एक इमारत आहे. तिच्या चौथ्या मजल्यावर संगणकावर व मोबाइलवर खेळावयाचे खेळ तयार होतात. भांडुपहून दोन बसगाड्या बदलून मी साडेनऊला पोहोचलो. कार्यालय दहाला उघडते आणि माणसे अकराला येतात. दरवानाने मला पार्सल पोहोचविणारा समजून बाहेरच उभे केले. नेमणुकीचे पत्र दाखविताच त्याने स्वतःची खुर्ची दिली. मी बसलो नाही, परंतु खुर्ची मिळाल्याचे समाधान झाले.

माझे शिक्षण चौथीपर्यंतच आहे, हे मी पहिल्याच भेटीत सांगून टाकले. मात्र गिरगावच्या छापखान्यात पंचेचाळीस वर्षे मी आधी खिळे जुळविले आणि नंतर मुद्रिते तपासली, हेही सांगितले. प्राध्यापकांच्या चुका मी उलट्या अक्षरांत वाचून दुरुस्त केल्या आहेत. माझ्या हातून एकही अपुरे वाक्य छापावयास गेले नाही.

मला येथे आणले ते गंधाली या मुलीने. खेळांसाठी गोष्टी लिहिणे हे तिचे काम. आमच्या भांडुपच्या मंडळाच्या सत्यनारायणाला तिने माझे गाऱ्हाणे, म्हणजे सर्वांच्या वतीने देवाला घातलेली साद, ऐकले. नव्या खेळात कोकणातले एक गाव आहे. खेळणारा त्या गावी परतलेल्या एका मुलीची भूमिका घेतो आणि तिच्या वतीने चालतो, बोलतो, लढतो. त्या गावचा वृद्ध गावकार, म्हणजे गावाच्या वतीने देवाशी बोलणारा मानकरी, याचा आवाज माझा असणार. शिवाय इतरांचे मराठी तपासावयाचे. पहिल्याच पानावर मला एकोणीस चुका सापडल्या. सर्वांना आनंद झाल्यासारखे दिसले नाही, मला मात्र झाला.

जानकीने संध्याकाळी गोड शिरा केला. म्हणाली की नोकरी लागली त्या वर्षीही एवढे ताठ चालत नव्हता.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

आज बैठक होती. बैठकीत कोणी बसले नव्हते, सर्व उभ्यानेच बोलत होते.

गंधालीने गोष्ट वाचली. गावातली सात घराणी, त्यांची जुनी वैरे, कोणी देवळात खोटी शपथ घेतली, कोणाच्या विहिरीत काय सापडले. मला ती उत्तम वाटली. परंतु येथे निहार नावाचा बोरिवलीचा एक दाढीवाला तरुण आहे. गोष्टीशी त्याचा संबंध नाही. खेळ हाताला कसा लागतो, उडी किती उंच, वार किती जलद, हे तो पाहतो. त्याचे म्हणणे असे की तिसऱ्या घराण्यापर्यंत खेळणारा झोपी जाईल.

"गंधाली, यार, ही कादंबरी झाली. मला उडी मारायला जागा दे ना."

"नुसत्या उड्याच मारायच्या तर हिरॉइन कशाला, माकड घे."

दोघे पाऊण तास भांडले आणि नंतर एकाच डब्यातून जेवले. माझे मत विचारण्यात आले. मी म्हणालो की आमच्या दशावतारात राजा आधी बोलतो आणि मग तलवार उचलतो. न बोलता लढतो तो चोर. गंधालीने टाळी वाजविली. निहार हसून "बॉस, पॉइंट आहे" म्हणाला. मला बॉस म्हणू नये, असे मी त्यास बजावले. तेव्हापासून तो काका म्हणतो.

ठरले ते असे. गावाची सीमा ओलांडण्यापूर्वी मुलगी देवळाच्या अंगणात उभी राहील आणि गावकार तिच्यासाठी गाऱ्हाणे घालील. सीमेपलीकडे लढाई आहे. लढाईत ती मेली तर पुन्हा त्याच अंगणात उभी, पुन्हा गाऱ्हाणे, पुन्हा सीमा. खेळात मरण्याला मर्यादा नाही, असे निहारने सांगितले.

बुधवार, १२ नोव्हेंबर

गंधालीने गाऱ्हाण्यासाठी देवांची नावे कल्पनेने रचून आणली होती. मी ती स्वीकारली नाही. खोट्या नावाने हाक मारणे म्हणजे कोऱ्या पाकिटावर तिकीट लावून टपालात टाकणे. ती म्हणाली, "काका, खेळच तर आहे." मी म्हणालो की मुद्रण असो वा खेळ, खोटे मी पुढे जाऊ देत नाही.

तेव्हा मी आमच्या गावची खरी नावे देण्याचे ठरविले आहे. ती या वहीत लिहिणार नाही. ती लिहावयाची नसतात. माझे वडील गावचे गाऱ्हाणे घालीत. पहिली हाक कुळाच्या देवतेला, दुसरी ग्रामदेवतेला, तिसरी सीमेवरच्या राखणदाराला. प्रत्येक हाकेनंतर जमलेली मंडळी "व्हय म्हाराजा" म्हणतात. त्यानंतर मागणे, आणि सर्वांत शेवटी पाठवणी. पहिल्या दोन देवता आपल्या आपण परततात. सीमेवरचा मात्र सांगितल्यावाचून जात नाही. त्याला बोलाविले तर काम सांगावे, काम नसेल तर परत पाठवावे, दारात उभे ठेवू नये, असे वडील म्हणत. गाऱ्हाणे चालू असता सर्व उभे असत, कोणी निघून जात नसे.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

माझा आवाज ध्वनिमुद्रित झाला. खोलीच्या भिंतींना स्पंज लावलेला आहे, तेथे आपलाच श्वास ऐकू येतो. चार मिनिटे दहा सेकंद, एकाच दमात, एकही चूक नाही.

अडचण "व्हय म्हाराजा"ची आली. कार्यालयातली मुले ते म्हणताना हसू लागली. म्हणून मी दुपारनंतर जानकीला बोलावून घेतले. ती लग्नकार्यातली जांभळी साडी नेसून आली. काचेच्या इमारतीत तिने चपला दाराबाहेरच काढल्या. मी हाक मारावी आणि तिने होकार द्यावा, असे आम्ही केले. पन्नास वर्षे तेच करीत आलो आहोत. गंधालीचे डोळे भरून आले.

वडिलांचे आणखी एक वाक्य परतताना आठवले. हाक मारणारा कोणीही असो, होकार देणारा तो साक्षीदार. पाठवणी होईपर्यंत साक्षीदाराने जागा सोडावयाची नाही.

सोमवार, २४ नोव्हेंबर

खेळाची चाचणी सुरू झाली. बारा तरुण दुपारी दोन ते पाच या वेळात खेळतात. मी मागे उभा राहून पाहिले.

पहिल्या वेळी सर्वांनी माझे गाऱ्हाणे पूर्ण ऐकले. एकाने हातही जोडले. मग ते सीमेपलीकडे जाऊन मेले आणि परत आले. दुसऱ्या वेळी ते मोबाइल पाहू लागले. पाचव्या वेळी एकजण मोठ्याने म्हणाला की या म्हाताऱ्याने वाट लावली.

सायंकाळी निहारने गाऱ्हाण्याला एक कळ जोडली. तिच्यावर ‘पुढे’ असे लिहिलेले आहे. ती दाबली की माझे बोलणे तेथेच तुटते आणि मुलगी सीमेवर उभी असते. मी निषेध नोंदविला. तो शांतपणे म्हणाला, "काका, पहिल्यांदा ऐकतातच ना. बाराव्यांदा कोण ऐकणार?" तो प्रश्न मला अद्याप बोचतो आहे.

बुधवार, २६ नोव्हेंबर

डोके जड असल्याने आज घरीच राहिलो. जानकी सुंगटे, म्हणजे कोळंबी, सोलीत होती. अडीचच्या सुमारास ती आपल्याशीच "व्हय म्हाराजा" म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा एकदा. त्यानंतर तिचा हात तसाच परातीवर थांबला. मान किंचित कलती, पुढचे ऐकण्यास उभी राहिल्यासारखी. नळ वाहत होता. मी तो बंद केला तरी तिने पाहिले नाही. पाच-सहा मिनिटांनी पुन्हा दोन वेळा तेच शब्द, पुन्हा तीच स्थिती. पाचनंतर ती आपोआप कामाला लागली.

तिला विचारले. ती म्हणाली की काही नाही, कोणीतरी बोलता बोलता मध्येच थांबले असे वाटते.

ध्वनिमुद्रणाचे कौतुक तिच्या मनातून गेलेले नसावे.

बुधवार, ३ डिसेंबर

कौतुक नव्हे.

मी आठवडाभर शेजारच्या क्षमाताईंना जानकीजवळ बसविले आणि ती केव्हा केव्हा ते शब्द उच्चारते त्या वेळा लिहून ठेवण्यास सांगितले. क्षमाताई शाळेत लिपिक होत्या, त्यांची नोंद चोख असते. आज तो कागद मी निहारच्या चाचणीच्या तक्त्याशेजारी ठेवला. कोणत्या खेळाडूने ‘पुढे’ची कळ केव्हा दाबली, ते संगणक टिपून ठेवतो. दोन वाजून अकरा मिनिटे. दोन एकोणीस. दोन बावीस. मी दोन्ही कागद मुद्रितासारखे बोट ठेवून ताडून पाहिले. एकही फरक नाही.

शंभरांपैकी चौऱ्याण्णव वेळा कळ अकराव्या सेकंदाला दाबली जाते. अकराव्या सेकंदापर्यंत तीन हाका पुऱ्या होतात. तिसरी हाक सीमेवरच्याची. तिला होकार देण्यापूर्वीच सारे तुटते. म्हणजे त्याला बोलाविले जाते. काम सांगितले जात नाही. परत पाठविले जात नाही. आणि साक्षीदार उभी.

गुरुवार, ४ डिसेंबर

आज घरी राहून उपाय करून पाहिला. जानकी थांबली तेव्हा तिच्या कानाशी जाऊन मी पाठवणीचे शब्द पूर्ण म्हटले. तिने "व्हय म्हाराजा" म्हणून एक सुस्कारा सोडला आणि मला विचारले की चहा टाकू काय. दुपारभरात तीस वेळा म्हटले, तीसही वेळा गुण आला. अर्थात वाक्य पुरे केले की सर्व ठीक होते. त्यात नवल नाही.

शुक्रवार, ५ डिसेंबर

निहारला व गंधालीला सर्व सांगितले. ती दोघे हसली नाहीत, हे त्यांच्या बाजूने लिहून ठेवतो. गंधालीने माझा हात धरला. निहार म्हणाला की त्याला यातले कळत नाही, पण काकूंना त्रास होत असेल तर गाऱ्हाणे काढूनच टाकू. त्या जागी घंटा वाजेल आणि मुलगी पुढे जाईल. एका दिवसाचे काम आहे. खेळाच्या दृष्टीने ते बरेच होईल.

ते शेवटचे वाक्य त्याने बोलावयास नको होते.

मी विचारले की गावकाराचे काय. तो म्हणाला की गावकार राहील, नुसता उभा. बोलणार नाही. त्या मुक्या पुतळ्याचे चित्र माझ्या डोळ्यांपुढे आले. बाहेरगावी असलेल्या मुलाला, मंडळातल्या सर्वांना मी सांगून बसलो आहे की माझा आवाज देशभर ऐकू जाणार. मी म्हणालो, "गाऱ्हाणे राहील. घरचे मी पाहून घेईन." दोनदा म्हणालो. त्याने दोनदा विचारले होते.

बारा जणांना मी पुरा पडतो आहे. तीस वेळा म्हणावे लागले तर तीस वेळा म्हणेन.

बुधवार, १४ जानेवारी २०२६

आज संक्रांतीच्या मुहूर्तावर खेळ सर्वांसाठी खुला झाला. कार्यालयात तिळगूळ वाटला. साडेबाराला निहारने पडदा दाखविला. त्यावर आकडा चढत होता. दोन हजार. नऊ हजार. सर्व टाळ्या वाजवीत होते.

एक वाजता क्षमाताईंचा दूरध्वनी आला. मी तिळगूळ हातात घेऊनच निघालो.

जानकी उंबऱ्याशी उभी होती. "व्हय म्हाराजा, व्हय म्हाराजा, व्हय म्हाराजा." मध्ये श्वासही नाही. मी कानाशी पाठवणी म्हटली. माझे एक वाक्य पुरे होईतो तिचे वीस होकार झाले.

गुरुवार, १५ जानेवारी

संध्याकाळी आकडा चाळीस हजार, असे गंधालीने कळविले. जानकी बसत नाही. खांद्याला धरून बसविली तर पुन्हा उठून उभी राहते. डॉक्टरांनी नाडी पाहिली, झोपेची गोळी दिली. ती उभ्यानेच झोपली. ओठ हलत राहिले.

क्षमाताईंनी दुपारी दार ठोठावले. अवघडून विचारले की तुमच्याकडे गावाहून भजनी मंडळ आले आहे काय. जिन्यापाशी पुष्कळ पुरुष उभे आहेत, सर्वांच्या खांद्यावर घोंगडी, हातात काठी, पायांत मात्र एकच वहाण. कोणी बोलत नाही. त्यांना आत घ्या, जाण्यायेण्याला वाट राहिली नाही.

मी दार उघडून पाहिले. मला कोणी दिसले नाही. मात्र लिफ्ट आमच्या सातव्या मजल्यावर येऊन थांबली होती. आत कोणी नसताना जास्त वजनाची घंटी वाजत होती.

हा सीमेवरचा राखणदार, आणि तो एकच आहे. वडिलांनी एकच सांगितला होता. परंतु हाकेगणिक एक येत असावा.

शुक्रवार, १६ जानेवारी

मालाडला जाऊन निहारपुढे हात जोडले. आयुष्यात प्रथमच. म्हणालो, गाऱ्हाणे काढा, घंटा वाजवा, मी चुकलो. त्याने तात्काळ काढले. परंतु ज्यांच्या मोबाइलवर खेळ उतरला आहे, त्यांनी नवी आवृत्ती घेतली तरच जुने पुसले जाईल. किती जण घेतील, असे मी विचारले. त्याने पडदा माझ्याकडे वळविला, आकडा अजून चढतच होता.

गंधालीला म्हणालो की तू तरी लोकांना लिहून कळव, निदान एकदा पूर्ण ऐका म्हणावे. ती रडू लागली. म्हणाली, "काका, मी पण स्किप करते."

तिनेच लिहिलेली गोष्ट.

परतताना लिफ्ट सातव्यावर उघडली नाही. जिन्याने चढलो. सहाव्या मजल्यापासून वर अंग चोरून चढावे लागले. कोणी दिसत नाही, पण घोंगडीचा ओला वास — आणि कडेने वाट देणारे कोणी नाही.

शनिवार, १७ जानेवारी

सकाळी जानकी मध्येच शुद्धीवर आली. तिने माझ्याकडे नीट पाहिले. म्हणाली, "पुरा करा ओ एकदाचा. उभ्यान पाय दुखाक लागले माजे." आणि मग, "भायर माणसा इलीसत, त्येंका बसूक तरी सांगा."

लगेच पुन्हा होकार.

मी पाठवणी म्हणू लागलो. तिसऱ्या नावापाशी माझी जीभ थांबली. पुन्हा आरंभ केला. पुन्हा तेथेच. घड्याळ पाहिले. अकरा सेकंद. विसर पडलेला नाही, शब्द डोळ्यांपुढे स्पष्ट आहेत. परंतु अकराव्या सेकंदाला कोणी तरी —

खेळातला तो आवाजही माझाच आहे. जेथे खेळणारे तो तोडतात, तेथे मीही —

दुपार

क्षमाताईंना शब्द शिकवून म्हणवून घ्यावे असे ठरविले. त्यांना शिकविण्यासाठी तरी मला ते म्हणता आले पाहिजेत. अकरा सेकंद. क्षमाताई कडी लावून बसल्या आहेत. त्यांनी भिंतीपलीकडून विचारले की ती माणसे आता तुमच्या दाराशी वाकून काय विचारीत आहेत.

मला ऐकू येते. काम काय. काम काय. इतकेच.

काम सांगता येईल. ज्यांनी कळ दाबली त्यांची नावे निहारच्या तक्त्यात — नाही. मुले आहेत ती. त्यांना कोणी सांगितले होते? चूक माझी. घंटा वाजली असती तर —

रविवार, १८ जानेवारी

जानकीच्या पायांना सूज. आवाज बसला. तरी होकार. ते आता उंबऱ्याच्या आत आहेत. तिच्याभोवती. साक्षीदाराकडेच पाहतात. काम मिळाले नाही तर साक्षीदारालाच घेऊन —

वडील हे सांगत. मी लिहिले नव्हते.

तोंडाने होत नाही. हात ध्वनिमुद्रित झालेला नाही. पंचेचाळीस वर्षे या हाताने वाक्य अपुरे सोडले नाही. नावे लिहावयाची नसतात. तरी लिहितो. जानकी पाहते आहे. गप्प झाली आहे. ऐकते आहे.

कुळाच्या माउली भगवती, तू आपल्या जागेवर जा.

व्हय म्हाराजा, म्हणाली. एकदाच. हळू.

गावच्या धन्या रवळनाथा, तू आपल्या जागेवर जा.

व्हय म्हाराजा.

सर्व वळून वहीकडे पाहत आहेत. अक्षर बिघडले, क्षमस्व.

आणि सीमेवरच्या राखणदारा, तुला हाक मारली ती चुकून मारली, तुझे येथे काही काम नाही, जितक्या हाका तितका तू, सगळा मिळून आता आपल्या